एकोणचाळीस चौकोन

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दिग्विजयचा फोन आला. हा आमच्या रविवार पुरवणीचा संपादक. वय बत्तीस. म्हणाला, स्थानिक चित्रकारांचे प्रदर्शन लागले आहे, या वेळी सदरात तेच घ्या, जरा खुसखुशीत होऊ द्या. खुसखुशीत म्हणजे काय, हे मला अकरा वर्षांत पुरते कळले आहे. कुणाची तरी चकली पाडायची आणि ती लोकांनी रविवारच्या चहाबरोबर खायची.

कॉलेजच्या ग्रंथालयातून साडेचारला सटकलो. प्रदर्शनात वीस मिनिटे होतो, त्यातली आठ मोबाईलवर गेली. अर्धी चित्रे गणपतीची, उरलेली सूर्यास्ताची. गणपतीला चिमटा काढावा तर लोक मला काढतील, आणि सूर्यास्ताला चिमटा काढून त्याला काय फरक पडतो? हात हलवत परतणार होतो, तेवढ्यात शेवटच्या भिंतीवर एक चित्र दिसले. तेलरंगातले, तीन बाय चार फूट असेल. सगळे रंग फिकट. राखी, गुलाबी, आभाळी, ताकाच्या निवळीसारखा एक पिवळट. नुसते चौकोन. एखाद्यात कौलासारखा त्रिकोण, एखाद्यात चाकासारखा अर्धगोल. गल्ली म्हणावी तर माणूस नाही, घर म्हणावे तर दार नाही. खाली चिठ्ठी : "गुरुसिद्धप्पा, वय ७१. शीर्षक नाही."

गिऱ्हाईक मिळाले.

रविवार, ९ फेब्रुवारी

सदर आले. चांगले जमले आहे, असे मीच म्हणतो. नोंदीसाठी तुकडा इथे उतरवून ठेवतो :

"कलादालनाच्या शेवटच्या भिंतीवर टॉवेलांचे एक कपाट टांगले आहे. टॉवेल वापरलेले असून ते स्वस्त साबणाने धुतलेले आहेत. मी उभा राहून मोजले : ३९ चौकोन. चाळिसावा येईपर्यंत चित्रकाराला डुलकी लागली असावी. बघणाऱ्याला तर बाराव्यालाच लागते."

सकाळपासून मोबाईल थरथरतो आहे. चहाच्या गाडीवर एकाने माझे पैसे दिले, ते मी देऊ दिले. चौकोन अर्थातच मोजले नव्हते. मोजत कोण बसतो? पण एकोणचाळीस फार छान बसले. चाळीस लिहिले असते तर ते पंचायतीच्या ठरावासारखे वाटले असते.

संघप्रियाने वाचले आणि पेपर घडी करून टीपॉयखाली सरकवला. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली. ही पोस्टात काउंटरवर असते, दिवसभर लोकांच्या चुका न बोलता दुरुस्त करते, आणि घरी आल्यावर तोच प्रयोग माझ्यावर चालतो. मी विचारले, कसे वाटले? म्हणाली, "वय ७१ असं लिहिलं होतं ना तिथे?"

हो, लिहिले होते. मग? एकाहत्तरीला चित्रे काढायची हौस असेल तर टीका ऐकायचीही असावी, असे मी म्हणालो. ती पोह्यांकडे गेली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज ग्रंथालयात एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, इरकल नेसलेल्या, कपाळाला विभूती. काउंटरवर पेपरची घडी ठेवून म्हणाल्या, "धर्मपालसर तुमीच का? मी गौरम्मा रि. गुरुसिद्धप्पा मास्तरची मालकीण."

आता ही बाई 'शांतता राखा' या पाटीखाली मला काय काय ऐकवणार, याचा अंदाज बांधू लागलो. पण तिचे निराळेच होते. तिला मराठी अक्षर येत नव्हते, कन्नड थोडेफार. गल्लीतले लोक दोन दिवस त्यांच्या दाराकडे बघून हसतात, पेपरात आलात म्हणतात. मास्तरला विचारावे तर मास्तर तोंड उघडत नाही. तेव्हा ज्याने लिहिले त्यानेच वाचून दाखवावे, म्हणून ती दोन रिक्षा बदलून आली होती.

"वाचून दावा की. काय लिवलंय आमच्या चित्रावर?"

मी चष्मा लावला. पेपर हातात घेतला. आणि या डायरीत तरी खरे लिहायचे म्हणून लिहितो : मी वाचलेच नाही. मी रचत गेलो. या चित्राच्या रंगांत सोलापूरच्या दुपारचा शांतपणा आहे, वगैरे. एका आयुष्याची साधना, वगैरे. तरुण चित्रकारांनी येऊन बघावे, वगैरे. अकरा वर्षांत कुणाचे इतके कौतुक केले नसेल. शब्द कुठून येत होते देव जाणे, म्हणजे देव मानत नसलो तरी.

बाई माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होती. माझे झाल्यावर म्हणाली, "एवढ्याशा तुकड्यात एवढं मावलं व्हय?"

मराठी भाषा समृद्ध आहे, असे मी म्हणालो.

मग तिने वाकून पेपरवर बोट ठेवले. बरोबर त्या आकड्यावर. "आन ह्ये? आकडे येतात मला. आकड्यातच जल्म गेलाय. एकोणचाळीस काय हाय ह्ये?"

"ते... चित्रातले चौकोन. एकोणचाळीस सुंदर चौकोन, असं म्हटलंय."

"तुमी मोजलं?"

"हो तर."

"उभं राहून?"

"उभा राहून."

चहा आला तो तिने तसाच ठेवला. जाताना पेपरची घडी पिशवीत नीट ठेवत म्हणाली, "एकदा घरला या सर. बोट ठेवायला."

बिचारीची नम्रता बघा! मी म्हणालो, छे छे, बोट ठेवण्यासारखे त्यात आहेच काय? ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि गेली. एकंदरीत बाई खूश होऊन गेली असे माझे मत आहे. थाप मारली खरी, पण त्या थापेने कुणाचे नुकसान झाले नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजचे सदर बँकांच्या रांगेवर होते. बरे होते.

संध्याकाळी संघप्रियाने बातमी आणली. गुरुसिद्धप्पा मास्तरांनी प्रदर्शन संपायच्या आधीच चित्र उतरवले आणि चादरीत गुंडाळून रिक्षाने घरी नेले. काउंटरवर पेन्शनीला येणाऱ्या एकाने हे तिला सांगितले होते. मला सांगताना तिच्या आवाजात काही नव्हते, आणि तेच मला बोचले.

मग मास्तरांना पत्र लिहायला बसलो. "आपल्या रंगांतील मार्दव..." इथवर लिहून तिला दाखवले. तिने विचारले, "ह्यात खरं काय आहे?"

"पत्ता," मी म्हणालो. पत्र फाडले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज सगळे उलगडले, आणि उलगडल्यावर बघतो तर आत मीच निघालो.

गौरम्मा पुन्हा आली. या वेळी बसली. चहा प्यायली. म्हणाली, मास्तरने पांढऱ्या रंगाचा डबा आणून ठेवला आहे. शिवरात्र झाली की चित्रावर पांढरा मारणार. एकदा मारला की संपले. पुन्हा ब्रश हातात धरणार नाही म्हणतो.

मी कसाबसा म्हणालो की माझ्या लिहिण्याने मास्तर दुखावले असतील तर... तिने हात हलवला. लिहिण्याचे काही नाही म्हणाली. टॉवेलवाले वाचून मास्तर हसला होता. (म्हणजे टॉवेलवाले तिला माहीत आहे? मास्तरने एवढे सांगितले असावे.) दुखणे एकोणचाळीसचे आहे.

मग तिने मला समजावले, मंदबुद्धी मुलाला समजावतात तसे. चादरीवर मोर यायचा असेल तर आधी तो चौकटीच्या कागदावर काढतात. मास्तरने चादरींच्या कारखान्यात चाळीस वर्षे तेच काम केले. कागदावरची एकेक ओळ एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने तशी पुठ्ठ्याला भोके पाडायची. त्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने माग चालतो. मास्तर काढणार, गौरम्मा वाचणार, तीस वर्षे असे चालले. कागदावर एक घर, म्हणजे एक चौकोन, चुकले तर ती चूक एका चादरीत राहत नाही. प्रत्येक मोरात, प्रत्येक चादरीत, हजार चादरींत जाते. म्हणून मास्तरचे नाव होते : गुरुसिद्धप्पाचा कागद म्हणजे मोजायला नको.

आणि चित्रात घरे चाळीस आहेत. नोकरीच्या एका वर्षाला एक. मास्तरने मोजून आखली होती.

"आन तुमी लिवलं एकोणचाळीस," ती म्हणाली. "शिकलेला माणूस, पुस्तकांत बसलेला, उभं राहून मोजलं म्हणतोय. ते म्हणतात एक घर सुटलं. कुटं सुटलं ते घावंना. त्यांच्या डोळ्याला फिके रंग एकात एक दिसतात. मी मोजते तर एकदा चाळीस येतंय, एकदा एकोणचाळीस. माझा बी मोतीबिंदू पिकलाय. दोघांत मिळून एक डोळा धड न्हाय."

मी म्हणालो, शेजारच्या कुणाला बोलवायचे, चांगले डोळे असलेल्या.

"नको म्हणतात. कारखान्यात नियम हुता. चूक ज्यानं काढली त्यानंच येऊन बोट ठेवायचं. दुसऱ्यानं न्हाय. आन बोट ठेवता आलं न्हाय तर आख्खा कागद बाद."

म्हणजे 'बोट ठेवायला या' म्हणजे हे होते. मी तो वाक्प्रचार समजलो. बाई खरोखरचे बोट मागत होती.

त्याच क्षणी सांगायला हवे होते की बाई, मी मोजलेच नाही. चार शब्द. पण काउंटरवर मुली पुस्तके परत द्यायला उभ्या होत्या, शिपाई ऐकत होता. असे मी आत्ता लिहितो आहे. कुणी नसते तरी सांगितले नसते. क्रूर म्हटलेले मला चालते, त्याचे तर मानधन मिळते. पण 'याने न बघताच लिहिले' हे नाही चालत.

येतो म्हणालो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सोपे आहे. जायचे, चित्रासमोर उभे राहायचे, भुवया आक्रसायच्या, 'अरेच्चा, चाळीस आहेत, माझीच चूक' म्हणायचे, चहा प्यायचा आणि परत यायचे. खोटेही नाही, कारण चित्रात चाळीसच आहेत. चाळीस वर्षे न चुकलेला माणूस चाळिसात कसा चुकेल?

संघप्रियाला योजना सांगितली. ती म्हणाली, "आणि नीट मोजलंत तर काय होईल?"

सोमवार, २४ फेब्रुवारी

गेलो नाही. ऑडिट होते. ऑडिट दुपारी दोनला संपले.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

गेलो. दुपारी तीनला. सविस्तर लिहितो, कारण उद्या मीच यात फेरफार करीन.

दोन खोल्यांचे घर, वर पत्रा. बाहेरच्या खोलीत चित्र खुर्चीवर ठेवलेले, तोंड खिडकीकडे. बाजूला पांढऱ्याचा डबा, झाकण अजून बंद. मास्तर किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. उपास होता दोघांचा. मला मात्र शाबूची खिचडी दिली.

मी तयारीने गेलो होतो. माझ्या लेखनातला उथळपणा, आपली साधना, असे सुरू केले. मास्तरांनी मधेच थांबवले.

"ते राहू द्या सर. कुटनं मोजलं? वरनं का खालनं?"

"वरून," मी म्हणालो.

"वरनं कोण मोजतंय? चादर खालनं वर जाती." ते गौरम्माकडे वळले. "तरीच चुकलं असंल बघ ह्यांचं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ना, त्याला मी तयार नव्हतो. म्हातारा मलाच पळवाट काढून देत होता. वरून मोजले म्हणून चुकले असेल, असे म्हणत होता. मी नुसती मान हलवली असती तरी भागत होते. नाही भागले. का, ते ठाऊक नाही.

"मास्तर, मी मोजलेच नव्हते."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होते. ती चार वेळा चालू झाली नाही.

"मग आकडा का घातला?"

"आकडा असला की थाप खरी वाटते. आणि चाळीसपेक्षा एकोणचाळीस जास्त हसवतो."

"आन टावेल? साबण? ते बी न बघता?"

"ते बघून लिहिलं."

"मग ते चालंल," मास्तर म्हणाले. "टावेल म्हणा, काय बी म्हणा. कागदावर रंग फिकाच भरायचा असतो. गडद भरला की खालची घरं झाकतात, वाचणारीचा घोटाळा हुतो. भडक ती चादर. कागद फिका. लोकं चादर बघत्यात, कागद कोण बघतंय? म्हणून काढला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पर आकडा घालायचा न्हाय असा. तुमी लिवलं आन मी पंदरा दिस झोपलो न्हाय."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही कळले नाही. म्हणाले, "आता मोजा. खालनं, डावीकडनं. बोट ठिवून. मोठ्यानं."

गौरम्मा माझ्या उजव्या हाताला येऊन बसली. मी बोट ठेवले आणि मोजू लागलो. एका ओळीत पाच, अशा आठ ओळी, लहानमोठ्या. पहिल्या ओळीला हसू येत होते. दुसऱ्या ओळीला गेले. बोटाने बघताना चित्र वेगळे दिसते. जो राखी मी एकच समजत होतो ते चार राखी निघाले. कौल म्हणजे कारखान्याचे पत्र्याचे छप्पर, चाक म्हणजे मागाचे चाक. गुलाबी जिथे संपतो तिथे आभाळी सुरू होत नाही, मधे दोन्ही थोडा वेळ थांबतात. गौरम्मा माझ्यामागोमाग ओठांत आकडे म्हणत होती.

शेवटच्या घरावर बोट पोचले तेव्हा माझ्या तोंडात 'चाळीस' तयार होते. शनिवारपासून तयार होते. पण मोजणी एकोणचाळिसावर आली होती.

एकोणचाळीस. मी हवेतून काढलेला आकडा. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, ही एकच खरी निघायची होती आणि ती इथे.

मास्तर वाट बघत होते. डबा तिथेच होता. चाळीस म्हणून टाकावे, म्हाताऱ्याला झोप लागेल, चित्र वाचेल. मी गौरम्माकडे पाहिले. ती माझ्या तोंडाकडे नाही, बोटाकडे बघत होती. आणि तिचे ओठ एकोणचाळिसावरच थांबले होते.

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

मास्तर चित्राकडे वाकले. मग म्हणाले, "कुटली ओळ चारची हाय?"

पुन्हा खालून मोजले. सहावी. सहाव्या ओळीत चारच होते. मी बोट तिथे ठेवले. मास्तर उठले, माझ्या बोटावर आपले बोट ठेवले आणि दोन्ही मिळून उजवीकडे सरकवली. एका गुलाबी आणि एका राखी घराच्या मधे उभी अरुंद पट्टी होती, पांढरट. मी ती दोघांमधली फट समजलो होतो. त्यांचे बोट थांबले, मागेपुढे फिरले.

"हितं रंग न्हाय," ते म्हणाले. "कापड लागतंय."

ते खाली बसले. "ह्येला रंग ठरंना म्हणून शेवटाला ठिवलं हुतं. ठिवलं आन इसरलो." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे चुकलोच की."

गौरम्मा बोटांच्या पेरांवर मोजत होती. "सहावी ओळ, तिसरं घर. अठ्ठाविसावं." तिने मास्तरांकडे पाहिले. "कारखान्याला टाळं हुतं ते साल. तवा कुटला कागद काढला तुमी? मी बिड्या वळत हुते आन तुमी पानं कातरत हुता. मग तितं रंग कुटला देणार?"

"तरी बी रिकामं घर म्हंजे चूक."

"चूक न्हाय ती. सोड हाय." मग माझ्याकडे वळून, मला ठाऊक नसणार म्हणून, म्हणाली, "धागा वर घ्यायचा असंल तितं वाचायचं 'उचल'. घ्यायचा नसंल तितं 'सोड'. 'तीन उचल, एक सोड, दोन उचल'. सोड बी वाचावीच लागती सर. नुसत्या उचलीवर चादर हुईत न्हाय." आणि पुन्हा नवऱ्याला, "तीस वर्सं मी वाचलंय. हे घर मी सोड म्हणून वाचते. तुमाला चूक म्हणायची असंल तर दुसरी वाचणारी बघा."

मास्तर बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. ती त्यांना दिसत होती की नाही कुणास ठाऊक. मग म्हणाले, "सर, परत मोजा."

मोजले. अठ्ठाविसाव्या घराला बोट कोऱ्या कापडावर ठेवून. चाळीस आले.

मास्तरांनी खुर्चीवरून चित्र उचलले. खिळा भिंतीत होताच. लावल्यावर तिरके झाले म्हणून मला सरळ करायला लावले.

मी निघायला उठलो तर गौरम्माने दार अडवले नाही, पण पिशवीतून पेपरची घडी काढली.

"आकडा झाला. आता बाकीचं वाचा."

मी म्हणालो, त्या दिवशी वाचले की.

"त्या दिशी लई गोड वाचलंत. तोंड कुटल्या कुटं चाललं हुतं, आन बोट एकाच ओळीवर. मी वाचणारी हाय, सर. बोट बघते."

म्हणजे बारा तारखेलाच तिला कळले होते. मी खाली बसलो आणि वाचले. बोट ठेवून, शब्दन् शब्द. टॉवेलांचे कपाट. स्वस्त साबण. डुलकी. मास्तर साबणाला हसले. डुलकीला तर जोरात हसले आणि 'बाराव्यालाच' वाले मला पुन्हा वाचायला लावले. गौरम्मा एकदाही हसली नाही. संपल्यावर तिने पेपर माझ्या हातातून घेतला, घडी केली.

"लिवता लई झ्याक," ती म्हणाली. "ऐकवत न्हाय."

चालत घरी आलो. सहा किलोमीटर असेल. (अंदाजे. मोजलेले नाही.)

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दिग्विजयशी अर्धा तास हुज्जत. शुद्धिपत्र छाप म्हणालो. त्याला वाटले बदनामीची नोटीस आली. नाही म्हटल्यावर तो आणखी घाबरला. "सर, चौकोनांचं शुद्धिपत्र वाचणार कोण?"

"दोन माणसं," मी म्हणालो. "त्यातल्या एकीला वाचता येत नाही."

रविवार, २ मार्च

छापले. पान सात, पंचांगाखाली. "९ फेब्रुवारीच्या सदरात एका चित्रातील चौकोनांची संख्या लेखकाने न मोजता लिहिली होती. चौकोन चाळीस आहेत. चित्रकाराला डुलकी लागलेली नव्हती."

'न मोजता' हे शब्द दिग्विजयने दोनदा काढले आणि मी दोनदा घातले.

अकरा वाजता मास्तरांचा फोन. वाचले म्हणाले. नवा कॅनव्हास ताणला आहे, या वेळी आधी तिच्याकडून वाचून घेणार आणि मग रंग भरणार. मग म्हणाले, "आता दर ऐतवारी तुमचं वाचणार. आकडा दिसला की फोन करून इचारणार." मी हसलो. ते हसले नाहीत.

संघप्रियाने पान सात कात्रीने कापून ठेवले आहे. कुठे, ते सांगत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

या रविवारचे सदर आमच्या रस्त्यावर. कॉलेजच्या फाटकापासून चौकापर्यंत तेवीस खड्डे, असे सकाळीच लिहून ठेवले होते. वाक्य उत्तम उतरले होते. दुपारी पाठवायला बसलो आणि बटण दाबेना. शेवटी चप्पल घालून उन्हात गेलो.

खड्डे मोजणे दिसते तितके सोपे नाही. रिक्षावाल्याने दोनदा विचारले, साहेब काही पडले का? फाटकापासून चौकापर्यंत अठरा धड निघाले. मग औषधाच्या दुकानासमोर घोटाळा झाला. तिथे दोन खड्डे एकमेकांत मिसळलेले. एक धरावा की दोन? दहा मिनिटे उभा राहिलो. मग मास्तरांना फोन लावला.

मास्तरांनी फोन सरळ गौरम्माकडे दिला. मी अडचण सांगितली.

"मधी डांबर हाय का?"

"आहे. बोटभर."

"मग दोन."

वीस. अगदीच बेचव आकडा. लिहिला आणि पाठवून दिला.